एकाच शाळेतून वीस पंतप्रधान कसे निघाले?

2023मध्ये पुण्यात वेलिंग्टन कॉलेज इंटरनॅशनल सुरू झालं आणि त्याच वर्षी बंगळूरला हॅरो. इंग्लंडमधल्या जुन्या, नामांकित निवासी शाळा आता भारतात दार उघडू लागल्या आहेत. तिकडे इंग्लंडमध्ये 1 जानेवारी 2025पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के कर लागला आणि या शाळा श्रीमंतांच्या मक्तेदारीचं साधन आहेत की गुणवत्तेचं, हा तिथला जुना वाद पुन्हा पेटला. दोन्ही चर्चांमध्ये एक आकडा हमखास ऐकू येतो: ईटन नावाच्या एकाच शाळेनं ब्रिटनला वीस पंतप्रधान दिले.

आकडा खरा आहे. आजवर ब्रिटनला 58 पंतप्रधान लाभले, म्हणजे दर तिघांतला एक या एका शाळेचा. मग पालकांच्या मनात साहजिकच येतं: ही शाळा मुलांना असं काय शिकवते? माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी बोट ठेवतो. तो नीट कुठे विचारायचा, हे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या आयुष्यांतूनच कळतं.

## गरिबांसाठी काढलेली शाळा

सहावा हेन्री या राजानं 1440मध्ये विंडसरच्या किल्ल्यासमोर, थेम्स नदीच्या पलीकडे ही शाळा काढली. 70 गरीब मुलांना तिथं फुकट शिक्षण आणि राहायची सोय मिळणार होती. पुढच्याच वर्षी त्यानं केंब्रिजला किंग्ज कॉलेज स्थापन केलं, म्हणजे या मुलांची पुढची वाटही बांधून दिली.

लवकरच पैसे भरून शिकणारी श्रीमंतांची मुलं येऊ लागली. ती शाळेबाहेर गावात राहायची. बघता बघता त्यांची संख्या इतकी वाढली की शाळा त्यांचीच झाली. आज तिथं 13 ते 18 वयोगटातली तेराशेहून अधिक मुलं शिकतात. फक्त मुलगे, आणि सगळे निवासी. त्यांतले सत्तर अजूनही परीक्षा देऊन निवडलेले असतात, त्यांना 'किंग्ज स्कॉलर' म्हणतात. बाकीच्यांची निवडही आता परीक्षा आणि मुलाखतीनं होते, पण फी आहेच. नव्या करासह ती वर्षाला 63 हजार पौंडांच्या घरात गेली. आपल्या पैशात सत्तर लाखांहून जास्त. शंभराच्या आसपास मुलं पूर्ण फीमाफीवर शिकतात.

अशा शाळांना इंग्लंडमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणतात. घरी शिक्षक ठेवून शिकवण्याच्या काळात या शाळा कुठल्याही गावच्या, फी भरू शकणाऱ्या मुलाला खुल्या होत्या, म्हणून ते नाव पडलं. सरकारी शाळा ती वेगळी. या लेखात पुढे नुसतं 'खासगी शाळा' म्हणू.

## वीस आहेत खरे, पण केव्हाचे?

ही वीस नावं सनावळीत मांडली की चित्र पार बदलतं. रॉबर्ट वॉलपोलला ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानतात. त्याच्यापासून, म्हणजे 1721पासून, 1905मध्ये पायउतार झालेल्या बाल्फोरपर्यंत ईटनचे पंधरा पंतप्रधान झाले. थोरला पिट, लॉर्ड नॉर्थ, ग्रे, ग्लॅडस्टन, सॅलिसबरी ही मंडळी त्यांतली. त्यानंतर थेट 1955पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, एकही नाही. मग ईडन, मॅकमिलन आणि डग्लस-ह्यूम असे तीन ओळीनं आले. 1964नंतर पुन्हा पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ कोणी नाही. 2010मध्ये डेव्हिड कॅमेरॉन आणि 2019मध्ये बोरिस जॉन्सन. पंधरा, तीन आणि दोन.

मधल्या काळात ईटनच्या इमारती पडल्या नव्हत्या, शिक्षक निघून गेले नव्हते. शाळा तीच होती, बदल झाला तो बाहेर.

पहिल्या टप्प्याचं बघा. 1911पर्यंत ब्रिटनच्या खासदारांना पगारच नव्हता. घरची जमीन, घरचं उत्पन्न असेल त्यानंच राजकारण करावं, अशी ती व्यवस्था. मताचा अधिकार बराच काळ मूठभर मालमत्ताधारकांकडे होता. जी घराणी देश चालवत होती तीच आपली मुलं ईटनला पाठवत होती. त्या पंधरा पंतप्रधानांना शाळेनं सत्तेपर्यंत नेलं असं म्हणण्यापेक्षा सत्ताधारी घराण्यांची मुलं मधली पाच-सहा वर्षं या शाळेत राहून गेली, असं म्हणणं खरेपणाला जास्त धरून आहे.

1955 ते 1964चा टप्पा तर फारच बोलका आहे. त्या वेळी हुजूर पक्षाचा, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा, नेता मतदानानं निवडला जात नसे. ज्येष्ठ मंडळी आपापसांत सल्लामसलत करत आणि एक नाव 'पुढे येई'. 1963मध्ये डग्लस-ह्यूम असेच पंतप्रधान झाले. त्यांच्याच पक्षाचे इयन मॅक्लाउड यांनी 1964च्या जानेवारीत जाहीरपणे लिहिलं की ही निवड करणाऱ्या नऊ जणांच्या आतल्या वर्तुळातले आठ जण ईटनचे होते. मोठी खळबळ उडाली. 1965पासून पक्षाचे खासदार मतदानानं नेता निवडू लागले आणि पहिल्याच मतदानात एडवर्ड हीथ निवडून आले. ते सुताराचे चिरंजीव, ग्रामर स्कूलमध्ये शिकलेले. ग्रामर स्कूल म्हणजे परीक्षा घेऊन हुशार मुलं निवडणारी शाळा. हीथ यांच्यानंतर त्या पक्षाच्या नेत्या झाल्या किराणा दुकानदाराच्या कन्या मार्गारेट थॅचर, आणि त्यांच्यानंतर सोळाव्या वर्षी शाळा सोडलेले जॉन मेजर.

म्हणून मला त्या वीसच्या आकड्यापेक्षा मधल्या दोन मोठ्या रिकाम्या जागाच जास्त महत्त्वाच्या वाटतात. निवडीची रीत बदलली, इतरांना संधी मिळाली, की 'ईटनची जादू' निम्म्या शतकासाठी नाहीशी होते.

## क्लासचा फ्लेक्स आणि ईटनची यादी

निकाल लागला की आपल्या चौकात क्लासचे फ्लेक्स झळकतात. अमुक जण आयआयटीत, तमुक जण मेडिकलला, सगळ्यांचे हसरे फोटो. दोन गोष्टी त्या फ्लेक्सवर नसतात. एक, या मुलांना क्लासनं आधीच चाळणी परीक्षा घेऊन निवडलं होतं. दोन, एकूण किती मुलांनी फी भरली होती. पहिली गोष्ट कळली नाही तर मुलाच्या हुशारीचं श्रेय क्लासला जातं. दुसरी कळली नाही तर यशाचं प्रमाण काढताच येत नाही.

ईटनच्या नामवंतांची यादी वाचताना हेच ध्यानात ठेवायचं. पावणेसहाशे वर्षांत तिथून हजारो मुलं बाहेर पडली. आपल्याला आठवतात ती शंभर-दोनशे नावं. बाकीचे वकील झाले, फौजेत गेले, शेतीवाडी सांभाळत बसले, कर्जबाजारी झाले. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

आणि चाळणी? इंग्लंडमध्ये ती अनेक शतकं बुद्धीची नव्हती, घराण्याची होती. बुद्धीची परीक्षा नंतर आली, आणि फी आजही बहुतेकांना दारातच थांबवते.

## असईचा विजेता ईटनमध्ये काय शिकला?

महाराष्ट्राच्या इतिहासात ईटनचा एक विद्यार्थी ठळकपणे येतो, आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. 12 ऑगस्ट 1803 रोजी त्यानं अहमदनगरचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. लढाई कमालीची रक्तरंजित झाली. त्याच्याच फौजेतले दीड हजारांहून अधिक जण मेले किंवा जखमी झाले.

'वॉटर्लूची लढाई ईटनच्या खेळाच्या मैदानांवर जिंकली गेली' हे वाक्य त्याच्या नावावर खपवलं जातं. ते त्याच्या हयातीत कुठं नोंदलेलंच नाही. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ते फिरू लागलं. प्रत्यक्षात तो ईटनला 1781 ते 1784 एवढाच होता, अभ्यासात चमकला नाही आणि घरी पैशांची चणचण होती म्हणून त्याला काढून घेतलं. पुढे घोडेस्वारी वगैरे शिकला तो फ्रान्समधल्या एका अकादमीत.

मग तो सेनापती कसा झाला? त्या काळी ब्रिटिश फौजेतली अधिकारपदं विकत मिळत, ही पद्धत 1871मध्ये बंद झाली. त्याची सुरुवातीची बढती अशीच पैसे आणि ओळखीच्या जोरावर झाली. 1798मध्ये त्याचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली, हाही ईटनचाच, भारताचा गव्हर्नर जनरल होऊन आला. 1799मध्ये श्रीरंगपट्टणमवर हल्ला चढवला जनरल बेअर्डनं, पण शहराचा ताबा मिळाला तो आर्थरला. बेअर्ड हे कधी विसरला नाही.

आर्थर वेलस्ली नालायक होता असं मी म्हणत नाही. असईला त्यानं दाखवलेली धडाडी कोणी नाकारू शकत नाही. पण तेवढीच धडाडी असलेला, गव्हर्नर जनरल भाऊ नसलेला अधिकारी चौतिसाव्या वर्षी दख्खनमध्ये स्वतंत्र फौज घेऊन उभा राहिला असता का? याच ड्यूकच्या स्मरणार्थ 1859मध्ये इंग्लंडात वेलिंग्टन कॉलेज सुरू झालं, आरंभी ते फौजी अधिकाऱ्यांच्या पोरक्या मुलांसाठी होतं. पुण्यातली शाळा त्याचंच नाव घेऊन आली आहे. ज्या मराठी फौजांशी तो लढला त्यांच्याच मुलखात त्याच्या नावाची शाळा निघाली, याची जाणीव आपल्याला असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

भारतावर राज्य करणाऱ्यांची यादी काढली तर ईटन जागोजागी भेटतं. कॉर्नवॉलिस, कॅनिंग, कर्झन, गांधीजींशी करार करणारे आयर्विन, 1942च्या आंदोलनाच्या वेळचे लिनलिथगो, सगळे तिथलेच. मुंबई इलाख्याला 1890 ते 1895 गव्हर्नर म्हणून लाभलेले लॉर्ड हॅरिस ईटनमध्ये क्रिकेट खेळले, पुढे इंग्लंडचे कर्णधार झाले. मुंबईच्या शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा त्यांच्याच नावाची. 1988मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीनं 664 धावांची भागी केली, ती याच स्पर्धेत.

## मग शाळा काहीच देत नाही?

देते, आणि भरपूर देते. पण ते बहुतेक पुस्तकातलं नसतं.

सर्वांत आधी वेळ आणि साधनं. ईटनचं स्वतःचं नाट्यगृह आहे. डॉर्नी इथलं शाळेच्या मालकीचं तळं इतकं मोठं आहे की 2012च्या लंडन ऑलिंपिकमधल्या नौकानयन शर्यती तिथं झाल्या. ह्यू लॉरी, डेमियन लुईस, एडी रेडमेन, टॉम हिडल्स्टन हे सगळे अभिनेते या शाळेत शिकले, तो निव्वळ योगायोग नव्हे. चौदाव्या वर्षापासून खऱ्या रंगमंचावर, खऱ्या प्रकाशयोजनेत चुकायची मुभा मिळाली तर विसाव्या वर्षी भीती कुठली उरणार?

दुसरं म्हणजे ओळखी. पन्नासेक मुलांच्या वसतिगृहात पाच वर्षं एकत्र काढलेली मुलं पुढे बँकेत, वर्तमानपत्रात, संसदेत भेटतात. यात कोणी कोणाला लाच देत नाही. फक्त फोन उचलला जातो. जागा निघणार असल्याचं जाहिरातीआधी कळतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. विद्यार्थ्यांच्या मंडळांसमोर बोलायला मंत्री, लेखक, सेनाधिकारी शाळेत येतात आणि सोळा वर्षांचा मुलगा त्यांना उभं राहून प्रश्न विचारतो. मोठी माणसं त्याला दूरची वाटत नाहीत. 'आपणही हे करू शकतो' हा विचार त्याला कधी मुद्दाम करावा लागत नाही. सरकारी शाळेत शिकलेल्या, तितक्याच हुशार मुलाला हेच धाडस गोळा करायला कधी कधी अर्धं आयुष्य लागतं. आपल्याकडे खेड्यातून मुंबई-पुण्यात आलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

## शाळेचं मत आणि आयुष्याची दिशा

शाळेनं मुलाबद्दल काय म्हटलं आणि पुढे काय झालं, याची दोन उदाहरणं.

1949मध्ये जॉन गर्डन हा मुलगा जीवशास्त्रात अडीचशे मुलांत शेवटचा आला. शास्त्रज्ञ व्हायचा त्याचा विचार निव्वळ हास्यास्पद आहे, अशा अर्थाचा शेरा शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात मारला. 2012मध्ये या गर्डनना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. पूर्ण वाढलेल्या पेशीचं केंद्रक बेडकाच्या अंड्यात घालून नवा जीव वाढवता येतो, हे त्यांनी दाखवलं होतं. तो शेरा त्यांनी चौकटीत बसवून ठेवला होता. गोष्ट प्रेरक आहेच, पण तिचा मधला भाग सहसा कोणी सांगत नाही. शाळेनं विज्ञान बंद करून त्यांना प्राचीन भाषांकडे वळवलं होतं. ऑक्सफर्डनं प्राणिशास्त्राला प्रवेश देताना विज्ञानाची प्राथमिक तयारी करायची अट घातली, आणि आईवडिलांनी वर्षभर खासगी शिकवणी लावून ती तयारी करून घेतली. शिकवणीचे पैसे नसते तर हे नोबेल बहुधा मिळालं नसतं.

दुसरं उदाहरण बोरिस जॉन्सन यांचं. ते किंग्ज स्कॉलर होते, बुद्धीत कमी नव्हते. 1982मध्ये त्यांच्या वसतिगृहप्रमुखांनी वडिलांना कळवलं की इतरांना बांधणाऱ्या जबाबदाऱ्या आपल्याला लागू नाहीत असं या मुलाला वाटतं. शाळेनं दोष अचूक ओळखला होता. तरी पुढचा जिना थांबला नाही: ऑक्सफर्ड, पत्रकारिता, संसद, पंतप्रधानपद.

गर्डनबद्दल शाळा चुकली आणि जॉन्सनबद्दल बरोबर ठरली. दोन्ही वेळा तिच्या मतानं काही अडलं नाही.

## 'पण ऑर्वेल, केन्स, हॉल्डेन?'

हा आक्षेप रास्त आहे. आपल्या बिहारमधल्या मोतिहारीत जन्मलेला एरिक ब्लेअर, म्हणजे जॉर्ज ऑर्वेल, ईटनचा. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स ईटनचे. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेनही ईटनचेच, जे 1957मध्ये भारतात आले, 1961मध्ये भारताचे नागरिक झाले आणि 1964मध्ये भुवनेश्वरला वारले.

हे तिघंही किंग्ज स्कॉलर, म्हणजे कठीण परीक्षेतून निवडलेल्या सत्तरांतले. हेन्री राजानं ज्या कल्पनेनं शाळा काढली तिचा उरलेला धागा हाच. शाळेच्या बौद्धिक कीर्तीचा मोठा वाटा या छोट्या गटाचा आहे. तिथंही सगळं सुखाचं नव्हतं. हॉल्डेनना मोठ्या मुलांनी अतोनात छळलं. ऑर्वेल अभ्यासात मागे पडले, विद्यापीठात गेले नाहीत, 1922मध्ये ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी झाले आणि साम्राज्याचा तिटकारा घेऊन परतले.

रंगाचा प्रश्नही टाळता येत नाही. डिलिबे ओन्येआमा हा नायजेरियाचा मुलगा 1965 ते 1969 ईटनमध्ये शिकला, शिक्षण पूर्ण करणारा पहिला कृष्णवर्णीय. त्याला रोज वर्णद्वेषी टोमणे सोसावे लागले. त्यानं हे लिहिलं तेव्हा शाळेनं त्यालाच यायला बंदी केली. 2020मध्ये मुख्याध्यापकांनी माफी मागितली. अर्धं शतक गेलं होतं.

## 'त्यांनी देशासाठी प्राणही दिले'

दिले. पहिल्या महायुद्धात ईटनचे 5,600हून अधिक माजी विद्यार्थी लढले आणि 1,157 मारले गेले. जवळपास पाचातला एक. एकूण ब्रिटिश सैनिकांत हे प्रमाण साधारण आठांत एक होतं. खंदकातून सर्वांत आधी वर चढायचं ते तरुण अधिकाऱ्यानं, आणि तरुण अधिकारी अशाच शाळांतून येत. विशेषाधिकारासोबत कर्तव्याची शिकवण होती, आणि त्या पिढीनं ती निभावली. त्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांविषयी मला आदरच वाटतो. पण अधिकारी कोण होणार हे आधीच ठरलेलं होतं, हेही तो आकडा सांगतो.

## आता तरी बदललंय का?

ब्रिटनमधली सुमारे 7 टक्के मुलं खासगी शाळांत शिकतात. सटन ट्रस्ट या संस्थेच्या 2019च्या अहवालानुसार वरिष्ठ न्यायाधीशांत अशा शाळांतले 65 टक्के होते, तर सर्वोच्च सनदी अधिकाऱ्यांत 59 टक्के. राजकारण मात्र वेगानं बदलतं आहे. 2024मध्ये निवडून आलेल्या खासदारांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहूनही खाली आलं. न्यायाधीश व्हायला तीस वर्षं लागतात, म्हणून तिथं जुन्या दारांचा परिणाम अजून दिसतो.

दुसरी बाजूही आहे. पूर्व लंडनमधलं लंडन अकॅडमी ऑफ एक्सलन्स हे सरकारी खर्चानं चालणारं कॉलेज ईटनच्या सहकार्यानं 2012मध्ये उभं राहिलं. साध्या घरांतल्या मुलांना तिथं फी न भरता ऑक्सफर्ड-केंब्रिजची तयारी करता येते. साधनं आणि अपेक्षा श्रीमंत नसलेल्या मुलांनाही दिल्या तर फरक पडतो, याचा हा जिवंत पुरावा.

## पुण्यातल्या पालकानं काय विचारावं?

विलायती नावाची शाळा भारतात येते तेव्हा इमारत येते, अभ्यासक्रम येतो, चांगले शिक्षकही येऊ शकतात. ओळखींचं जाळं येत नाही. ते इथल्या मुलांचं इथंच तयार होईल, जसं डेहराडूनच्या दून स्कूलचं झालं. 1935मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट ईटनमध्ये विज्ञान शिकवत होते, आणि राजीव गांधी तिथं शिकले.

त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी नामवंतांची यादी समोर आली तर ती बाजूला ठेवावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात. मुलं कशी निवडता? किती जणांना फीमाफी देता, आणि ती मुलं वसतिगृहात बाकीच्यांसोबतच राहतात का? गेल्या वर्षी बाहेर पडलेली सगळीच्या सगळी मुलं, फक्त फोटोतली नव्हे, आज कुठे आहेत?